तात, तार आणि टेम्पो

‘टेम्पो’ हा शब्द आमच्या पिंपरी-चिंचवडच्या माणसाने उच्चारला की त्याच्या डोळ्यांपुढे प्रथम चाके उभी राहतात. त्यात त्याचा काही दोष नाही. १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी निघाली, जर्मनीतील एका कारखान्याच्या सहकार्याने तिने ती नाकाड तीनचाकी गाडी बनवायला घेतली, पुढे आकुर्डीला तिचा कारखाना उभा राहिला, आणि गाडीचे विशेषनाम पाहता पाहता सामान्यनाम होऊन बसले. कंपनीचे नाव २००५ साली बदलून फोर्स मोटर्स झाले आणि ती जुनी गाडीही दिसेनाशी झाली. पण घर बदलायचे झाले की आमच्याकडे अजून ‘टेम्पो’च सांगतात.

युरोपातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या लोकांत मात्र टेम्पो म्हणजे लय. शब्द मूळचा इटालियन, आणि त्याचा अर्थ ‘काळ’. सामान वाहणारा आणि सूर वाहणारा असे हे दोन टेम्पो एकमेकांना भेटण्याचा योग तसा दुर्मीळच. तो गेल्या फेब्रुवारीत निगडीच्या प्राधिकरणात आला.

तेथे माझ्या परिचयाचे एक डॉक्टर दांपत्य राहते. दोघांनाही गाण्याची मनस्वी आवड. खालचा दिवाणखाना चाळीस माणसे सतरंजीवर बसतील एवढा, आणि वर्षातून दोन-तीनदा तेथे बैठक ठरलेली. या खेपेस त्यांच्याकडे तीन युरोपीय वादक येणार होते. मुंबईचा कार्यक्रम आटोपून एक संध्याकाळ आमच्यासाठी. वाजवणार होते बरोक काळातील सोनाटा. आणि तेही त्या काळच्या वाद्यांवर, म्हणजे तशा घडणीच्या वाद्यांवर. बरोक काळ ढोबळमानाने १६०० ते १७५०. आपल्या हिशेबाने सांगायचे तर शहाजीराजांच्या बाळपणापासून नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीपर्यंत.

व्हायोलिन आणि गांबा ही दोन वाद्ये मालकांच्या पाठीवर बसून आली. तिसरे हार्पसिकॉर्ड. ते मुंबईहून टेम्पोने निघाले. सुमारे सात फूट लांबीची, पंखाच्या आकाराची ही लाकडी पेटी दिवाणखान्याच्या दारातून आत जाईल की नाही, याची यजमानांना आदल्या दिवशीपासून धास्ती. म्हणून त्यांनी आमच्या शेजाऱ्यांना बोलावून घेतले. हे गृहस्थ एका मोठ्या मोटार कारखान्याच्या टूलरूममध्ये तेहतीस वर्षे काढून निवृत्त झालेले. कॉलनीत सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणतो. काकांनी टेप लावून दार मोजले, कागदावर तिरकस रेघ मारली आणि सांगितले, “पाय काढून, आडवी करून, डावीकडून. दोन सूत जागा उरते.” दुसऱ्या दिवशी पेटी पाय काढून, आडवी करून, डावीकडून आत गेली. दोन सूत जागा उरली.

इतके झाल्यावर काकांना कार्यक्रमाचे आमंत्रण देणे भागच होते. त्यांना गाण्यात गती नाही, असे ते स्वतःच सांगतात. गाणे त्यांच्या घरात होते ते त्यांच्या पत्नीचे. त्या जाऊन चार वर्षे झाली.

कार्यक्रम सहाचा होता. सहाला वादक येऊन बसले आणि वाद्ये लावू लागले. सव्वासहा झाले, वीस मिनिटे झाली, तरी लावणे चालूच. यजमानीणबाई थोड्या कानकोंड्या झाल्या; पण आमचे श्रोते शांत होते. तबलजीची हातोडी आणि तंबोऱ्याचे मणी यांच्यापुढे उभा जन्म काढलेली माणसे ती. वाद्य लागल्याशिवाय गाणे सुरू होत नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. नंतर त्या व्हायोलिनवाल्याने डॉक्टरांना सांगितले की, त्याच्या देशातले श्रोते याच वेळी घड्याळाकडे पाहू लागतात!

लावायला इतका वेळ का लागतो, याचे कारण त्या वाद्यांच्या तारांत आहे. तारा कसल्या, ती तात. पिंजाऱ्याच्या धनुकलीला असते, आपल्या सारंगीच्या तीन मुख्य तारांना असते, तीच जनावरांच्या आतड्यांपासून केलेली तात. आजच्या व्हायोलिनला पोलादाच्या किंवा धातू गुंडाळलेल्या तारा असतात. त्या हवेला दाद देत नाहीत. तात हवेतले पाणी पिते आणि सूर सोडते. मात्र तिचा आवाज माणसाच्या गळ्यासारखा जरा खरबरीत, ऊबदार असतो. पोलाद चमकते, तात बोलते.

व्हायोलिनला हनुवटी टेकवायची वाटीही नव्हती. ती सोय निघाली १८२० च्या सुमारास. गजाची कांबही आजच्यासारखी आत वाकलेली नसून धनुष्यासारखी बाहेर फुगलेली. अशा गजाने एकच सूर सारख्या जोराने लांबवर ताणता येत नाही. तो मध्ये फुगतो आणि टोकाला विरतो, जसा बोलताना शब्द विरतो. गांबा हे गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचे वाद्य. त्याचे पडदे म्हणजे मानेला बांधलेली तातच. आपल्या सतारीच्या पडद्यांसारखे ते सरकवता येतात. आणि हार्पसिकॉर्ड दिसायला पियानोचा थोरला भाऊ असला तरी जातीने सतारीचा. त्यात तारेवर हातोडी पडत नाही. पट्टी दाबली की एक लाकडी काडी वर उचलली जाते, तिच्या अंगाला बसवलेली इवलीशी नखी तार छेडते आणि खाली येते. ही नखी पूर्वी कावळ्याच्या पिसाच्या देठाची असे. आता पुष्कळदा प्लॅस्टिकची असते. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळजवळ तेवढाच. मग वादकाने भाव दाखवायचा कसा? तो वेळेतून दाखवतो. एखादा सूर किंचित उशिरा देतो, दोन सुरांमध्ये अणुभर फट ठेवतो. जोराचे काम काळाकडून करून घेतो. इटालियनांनी लयीला ‘काळ’ का म्हटले, ते मला त्या संध्याकाळी कळले.

सूरही आजच्याहून अर्धा सूर खाली लावला होता. त्या काळी युरोपात गावोगावचा सूर वेगळा असे. आज जुन्या वाद्यांवर वाजवणाऱ्यांनी सोयीसाठी सेकंदाला ४१५ कंपने हा ‘ए’ स्वर बहुधा मानला आहे, तर जगभर प्रचलित असलेला ‘ए’ ४४० चा. आपल्या पेटीच्या भाषेत, आजची पांढरी सहा त्यांच्याकडे काळी चारवर उतरली. ज्याच्या त्याच्या गळ्याप्रमाणे षड्ज धरणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटण्यासारखे काहीच नव्हते.

अखेर वाद्ये लागली. पहिला सूर निघाला, आणि कोणाला काही ऐकूच येईना!

ध्वनिक्षेपक नव्हता, आणि डोक्यावर चार पंखे फिरत होते. डॉक्टरांनी उठून पंखे बंद केले. आतल्या खोलीतला फ्रिज घुरघुरत होता, तो बंद केला. मग लांबवरच्या मुंबई-पुणे रस्त्याची घरघर तेवढी राहिली आणि हळूहळू तीही मागे सरली. चाळीस माणसे नकळत चार बोटे पुढे झुकली. आमच्या या कारखान्यांच्या गावात आवाज कमी करून ऐकायचा प्रसंग किती दिवसांनी आला, याचा मी हिशेब करू लागलो आणि मध्येच सोडून दिला. हल्ली चाळीस माणसांच्या बैठकीतही गवयापुढे ध्वनिक्षेपक असतो. मोठा आवाज आपल्याकडे चालून येतो. बारीक आवाजाकडे आपल्याला चालत जावे लागते.

पहिली सोनाटा कोरेलीची होती. रोमच्या या कोरेलीने व्हायोलिनच्या बारा सोनाटा छापल्या, त्यांच्या अर्पणपत्रिकेवर तारीख आहे १ जानेवारी १७००. त्याच वर्षीच्या ऑगस्टात थोरल्या बाजीरावांचा जन्म झाला. बारावी ‘ला फोलिया’ ही जुन्या, सर्वांच्या ओळखीच्या चालीवर रचलेली. खालचा ठरलेला आधार पुन्हा पुन्हा येतो आणि वर व्हायोलिन प्रत्येक फेरीत नवे काही सांगून समेवर येते. लेहऱ्यावर तबला ऐकणाऱ्याला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. कोरेलीच्या संथ भागांची गंमत आणखी निराळी. कागदावर त्याने मोजके, लांब लांब स्वर लिहून ठेवले आहेत. बंदिशीची अस्थाई म्हणा ना. त्यांतल्या जागा वादकाने आपल्या बुद्धीने भरायच्या. आणि हार्पसिकॉर्डवाल्यापुढे तर नुसती खालच्या सुरांची ओळ, तिच्यावर काही आकडे. त्या आकड्यांवरून उजव्या हाताने काय वाजवायचे ते त्याने तिथल्या तिथे ठरवायचे. मध्यंतरात काकांनी तो कागद जवळून पाहिला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे हे ड्रॉइंग आहे,” ते म्हणाले, “जॉब नाही.”

दुसऱ्या भागात बाखची गांबा आणि हार्पसिकॉर्ड यांची सोनाटा झाली. तीत हार्पसिकॉर्ड साथीला नसते. त्याचा उजवा हात आणि गांबा बरोबरीने बोलतात. एकाचे वाक्य दुसऱ्याने उचलायचे, ते पुरे होण्याआधी पहिल्याने दुसरे काढायचे. आमच्या मागे बसलेल्या एक वृद्ध बाई हळूच म्हणाल्या, “जावाजावा बोलतायत!” याहून चांगली समीक्षा मी वाचलेली नाही.

हे संगीत आपल्याला अगदीच परके, असे मानायचे मात्र कारण नाही. आमच्या शेजारच्या चाकणचा संग्रामदुर्ग १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाहिस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने झुंजवला. पुढे १६६३ च्या एप्रिलात महाराजांनी लाल महालात शिरून खानाची बोटे छाटली. हे आपल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. पण त्याच १६६३ साली, संत इग्नेशियसच्या सणाला, जुन्या गोव्यात जेझुइटांच्या मठात एका युरोपीय धर्मगुरूने सात गायकवृंदांचे संगीत ऐकले आणि आपण रोममध्येच आहोत की काय असे त्याला वाटले. विचारता कळले की रचना खरोखरच रोमच्या कारिस्सिमीची होती. म्हणजे चाकणच्या बुरुजाचे घाव अजून ताजे होते तेव्हा रोमचे नवेकोरे संगीत मांडवीच्या काठी वाजत होते. आज त्याला जुने म्हणतात. इथे आले तेव्हा ते नवे होते.

मुंबईची गोष्ट तर कालपरवाची. वॉल्टर कॉफमन हा बोहेमियातला ज्यू संगीतकार १९३४ साली मुंबईस आला. आल्या आल्या त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. मेहली मेहता तिच्यात व्हायोलिन वाजवीत. दिवाणखान्यात बसून तिघाचौघांनी वाजवायचे संगीत ते चेंबर म्युझिक. आपल्या भाषेत बैठकच. हा कॉफमन पुढे १९४६ पर्यंत रेडिओवर होता, आणि आकाशवाणीची ती पहाटेची धून त्याचीच. खाली तंबोरा आणि वर व्हायोलिन! आपल्यापैकी कितीजणांची सारी शाळा त्या सुरावर तोंड धुऊन झाली. कोठला कोण निर्वासित, आणि रोज सकाळी आपल्या घरात तंबोरा छेडून गेला.

कार्यक्रमाहून परतताना आमच्या सूनबाईंनी विचारले. ती चाकणच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. प्रश्न सरळ विचारते. “बाबा, वाद्यांत सुधारणा झाली ती काही कारणानेच झाली ना? आवाज वाढला, तारा टिकाऊ झाल्या. मग मुद्दाम मागे जायचं कशाला? हौस म्हणून ठीक आहे.”

प्रश्न चुकीचा नाही. युरोपात तो दीडशे वर्षे सर्वांनी असाच मनाशी सोडवला होता. मोठाली सभागृहे आली, त्यांना मोठा आवाज हवा झाला. व्हायोलिनच्या माना बदलल्या, हार्पसिकॉर्डच्या जागी पियानो आला. गांबाचा शेवटचा नामांकित वादक आबेल १७८७ साली लंडनला वारला आणि त्याच्याबरोबर ते वाद्यही बहुतांशी मुके झाले. पॅरिसच्या सरकारी संगीतशाळेतील जुनी हार्पसिकॉर्डे पुढे थंडीत सरपण म्हणून जाळली, असे सांगतात. तेव्हा ते कोणाला पाप वाटले नसेल. अडगळ होती.

मग एकोणिसावे शतक सरता सरता एका वेड्याला ती अडगळ हवीशी झाली. आर्नल्ड डोल्मेच हा मूळचा फ्रान्सचा, इंग्लंडात स्थायिक झालेला. जुने संगीत त्याच्या वाद्यांवरच वाजवायचे असा त्याने ध्यास घेतला, आणि वाद्ये मिळेनात तेव्हा ती स्वतः करू लागला. १८९६ साली त्याने पहिले हार्पसिकॉर्ड बनवले. १९१९ साली वॉटर्लू स्टेशनवर त्याच्या मुलाच्या हातून एक जुनी दुर्मीळ बासरी असलेली पिशवी विसरली. बासरी गेली; म्हणून डोल्मेचने तिची नक्कल करायला घेतली, आणि त्यातून ते वाद्य पुन्हा घडू लागले. पुढे १९५३ साली व्हिएन्नात हार्नोनकूर्टने जुन्या वाद्यांचा आपला वाद्यवृंद काढला. गज कसा धरावा, नखी किती लांब असावी, तात किती ताणावी, हे सारे या लोकांनी जुन्या पोथ्या, जुनी चित्रे आणि संग्रहालयातली मुकी वाद्ये यांच्यावरून एकेक अक्षर लावीत पुन्हा शिकून घेतले. त्या दिवाणखान्यातल्या तिघांच्या हातात होते ते शंभर-सव्वाशे वर्षांच्या अशा कष्टांचे फळ.

सूनबाईंना मी एवढेच म्हणालो, “आकुर्डीला तुकोबांची पालखी येते, तू दरवर्षी दर्शनाला जातेस. पंढरपूरला एसटीही जाते. मग लोक चालत का जातात?”

ती हसली, पण लगेच म्हणाली, “ते ठीक आहे. पण चालायचं कसं हे कोणी पुस्तकातून शिकत नाही.”

ती सहज बोलून गेली. पण मला वाटते, गोष्ट सारी तेथेच आहे. वारी चालते कारण ती खंडली नाही. दिंडीत मागचा पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकतो. पाऊल हरवले की मग पुस्तके शोधावी लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका कट्ट्यावर भेटले. हार्पसिकॉर्डच्या त्या काडीने त्यांना झोप येऊ दिली नव्हती. वादकाने एक काडी काढून त्यांच्या हातात दिली होती. तिची जीभ, जिभेची ती केसाएवढी स्प्रिंग, सगळे त्यांनी चष्मा वर करून पाहिले होते. ते म्हणाले, “आमच्याकडे एक म्हातारा फिटर होता. एका डायचं फिनिशिंग तोच करायचा. तो रिटायर व्हायच्या आधी साहेबांनी सगळं ड्रॉइंग करून घेतलं. मापं, मटेरियल, सगळं. तो गेल्यावर त्याच ड्रॉइंगवर आम्ही डाय केला. माप बरोबर, पण पत्र्यावर ओरखडा यायचा. सहा महिने गेले. ड्रॉइंगमध्ये सगळं नसतं हो. थोडं हातात राहतं, आणि हात घरी जातो.”

यानंतर मी जे लिहिणार आहे ते आपल्याविषयी आहे. युरोपने हात गमावला आणि कागदावरून तो परत मिळवला; श्रीमंत देश, जिद्दी माणसे, जमले त्यांना. आपल्याकडे कागद थोडा. पण हात अजून आहेत. मिरजेस आहेत. साधारण १८५० च्या सुमारास तेथील शिकलगारांनी, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्या घराण्याने, तंबोरे करायला सुरुवात केली. फरीदसाहेबांचे नाव त्यात पहिले घेतात. हत्यारांचे दिवस संपले होते, पटवर्धन संस्थानिकांना गाण्याचे प्रेम होते, आणि धातूवर बसलेला हात लाकडावर बसला. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेस राहिले. ते स्वतः वाद्यांच्या दुरुस्तीत वाकबगार होते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे नावाची चोरी होणार नाही, एवढी व्यवस्था झाली. हाताची व्यवस्था सरकारी शिक्क्याने होत नाही.

आणि तंबोऱ्यात सर्वांत अवघड काय, तर जवारी. घोडीचा माथा किंचित गोलाई ठेवून असा घासायचा की तार त्याला धड टेकणारही नाही आणि धड सुटणारही नाही. मग तो झणत्कार उठतो आणि एका तारेतून दहा सूर ऐकू येऊ लागतात. किती घासायचे याचे माप नाही. कारागीर घासतो, ऐकतो, पुन्हा घासतो. एक कानस जास्त फिरली की गेले. काकांच्या भाषेत, याचे ड्रॉइंग निघत नाही.

इकडे आपल्या घरांत काय आहे? माझी नात चिंचवडला एका बाईंकडे गाणे शिकते. तिचा तंबोरा फोनमध्ये आहे. मी त्याला नावे ठेवणार नाही. दोन खोल्यांच्या ब्लॉकात पाच फुटी वाद्य ठेवायचे कोठे, हा प्रश्न ज्याला पडला नाही त्याने खुशाल ठेवावीत. फोनचा तंबोरा बोट लावताच सुरात असतो, प्रवासात येतो, आणि त्याच्यामुळे पुष्कळ मुले आज सुरात गातात. पण तो कधी बेसूर होत नाही. म्हणून मुलाला तो लावावाही लागत नाही. आणि वाद्य लावताना कानाला जे शिक्षण मिळते ते गाताना मिळत नाही, असे जुने लोक म्हणत. फोनला जवारी काढणारा लागत नाही. सारंगीची जागा पेटीने घेतली तेव्हाही कोणी काही वाईट केले नव्हते. पेटी सोयीची होती. फक्त सारंगिये कमी होत गेले. वाद्य मोडत नाही, कोणी बंदीही घालीत नाही. एकेका घरातून ते माळ्यावर जाते, आणि एक दिवस त्याचा कारागीर आपल्या मुलाला म्हणतो, बाबा रे, तू कंपनीतच लाग. मुलाचेही बरोबर असते. त्याच्या आमच्या कारखान्यांत पगार वेळेवर होतो.

माळा म्हटले, त्यावरून सांगतो. काकांच्या माळ्यावर त्यांच्या पत्नीचा तंबोरा आहे, हे मला ठाऊक नव्हते. जुनी चादर आणि वर प्लॅस्टिक, असा चार वर्षे तो पडून होता. मुले बाहेरगावी. धाकट्याने गेल्या गणपतीत सुचवले होते की, भोपळ्याला आतून दिवा बसवला तर हॉलमध्ये शोभेल. हल्ली तसे करतात. काका हो-नाही काही बोलले नव्हते. फेब्रुवारीतल्या त्या कार्यक्रमानंतर आठवडाभराने त्यांनी तंबोरा खाली काढला, दोन गाद्यांमध्ये बांधला आणि एक ओळखीचा टेम्पो मिरजेकडे जात होता त्यात स्वतः मांडीवर घेऊन बसले.

तेथल्या कारागिराने गवसणी सोडली, तारांना हात लावला, भोपळ्यावर टिचकी मारली. बायकांचा तंबोरा आहे, चांगला आहे, म्हणाला. घोडी झिजली आहे, तारा बदलू, जवारी काढून देतो. मग कानस हातात घेण्याआधी त्याने विचारले, “गाणार कोण?”

काकांना वाटले, सहज चौकशी. ते म्हणाले, “आता कोणी नाही. घरात राहील.”

कारागीर म्हणाला, “तसं चालत नाही, साहेब. कोणाच्या पट्टीवर काढू? तार किती जाड घ्यायची, घोडी किती घासायची, ते गळ्यावर आहे. काळी चार असेल तर एक, काळी एक असेल तर दुसरं. गाणारं माणूस सांगा.”

हा सारा वृत्तान्त मला काकांनी नंतर सांगितला. त्या दिवशी दुपारी मला फक्त फोन आला. मागे कोणीतरी तार छेडून पाहत होते, त्यामुळे नीट ऐकू येईना. मी उठून पंखा बंद केला.

“अहो,” काका विचारत होते, “तुमच्या नातीची पट्टी कुठली?”